हॉबच्या बांधाची वाट

माणसाने निवृत्त झाल्यावर काय काय करू नये, याची एक यादी कुणीतरी छापायला हवी. जॅमच्या बाटल्यांवरची लेबलं छापणाऱ्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली आहेत, तेव्हा छापायचं काम वेळ पडली तर मीही करीन. त्या यादीत पहिला मान मी ‘सरकारी नकाशा दुरुस्त करायला जाणे’ याला देईन. दुसरा ‘शेजाऱ्याचा सल्ला ऐकणे’ याला द्यायचा होता, पण नीट विचार केला तर पहिलं दुसऱ्याच्याच पोटी जन्माला येतं. त्यामुळे क्रम उलटा लावावा लागेल.

शेजारी म्हणजे डेनिस टज. बसकंपनीत तिकीट तपासनीस होता. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजूनही समोरच्या माणसाकडे तिकीट नसणारच, अशा नजरेने बघतो. त्याला सगळे कायदे पाठ आहेत. त्यातले किती खरे आहेत हे विचारायची सोय नाही.

आणि बांध म्हणजे हॉबचा बांध. आमच्या परसामागून सुरू होतो आणि थेट शेजारच्या पेंट्रे गावापर्यंत जातो. दोन पुरुष उंच मातीचा ढीग, एका अंगाला खंदक. हॉब नावाच्या भुताने तो एका फावड्यात घातला असं म्हातारे सांगतात. शिकलेले सांगतात की तेराशे वर्षांपूर्वी कुण्या राजाने वेल्श लोकांना अडवायला घातला. वेल्श काही अडले नाहीत. माझी सासू त्यांच्यातलीच होती.

हा बांध आयव्हर प्रॉबर्टच्या शेतातून जातो. म्हातारा आयव्हर होता तोवर त्यावरून कोण जातं, कोण येतं, याची कुणी चौकशी केली नाही. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत तो गेला. शेत पुतण्याकडे आलं, एमलिनकडे. हा एमलिन चाळिशीचा, बर्मिंगहॅममध्ये गालिचे विकायचा. तो येऊन आठवडा झाला नाही तोच माझी बायको बेरिल एका मंगळवारी गेल्या पावली परत आली.

“फाटक लावलंय,” ती म्हणाली.

“कुठे?”

“बांधावर. लोखंडी. कुलूप आहे, पाटी आहे.”

मी जाऊन पाहिलं. फाटक चांगलं मजबूत होतं. पाटीवर तीन ओळी होत्या: ‘खाजगी जागा. सार्वजनिक वाट नाही. चौकशी शेतघरी करावी.’ अक्षरांमधलं अंतर बरोबर नव्हतं, पण तो माझ्या धंद्यातला मुद्दा झाला.

आता एवढ्याने काय बिघडलं, असं कुणाला वाटेल. बिघडलं ते विनचं. विन ही बेरिलची थोरली बहीण. पेंट्रेत एकटी राहते आणि तिची नजर गेली सहा वर्षं हळूहळू विझत चालली आहे. समोरच्या माणसाला ती आवाजावरून ओळखते. पण बांधावर ती एकटी चालायची. बांधाच्या माथ्यावरची वाट शेकडो वर्षं पाय पडून मधोमध खोलगट झाली आहे. पाऊल जरा इकडेतिकडे गेलं की चढ लागतो, म्हणजे डोळ्यांना नाही तरी पायांना कळतं. मंगळवारी आणि शुक्रवारी दोघी बहिणी दोन टोकांनी निघायच्या, मधल्या वाकड्या काटेझाडाखाली भेटायच्या, थर्मासमधला चहा प्यायच्या. बेरिल तिला पेपरातून या आठवड्यात कोण कोण गेलं ते वाचून दाखवायची, आणि त्यांतला कोण आपल्याशी कसा वागला होता ते विन सांगायची.

दुसरा रस्ता डांबरी. त्याला कडेला चालायला जागा नाही आणि त्यावरून खाणीचे ट्रक धावतात. डोळसानेसुद्धा तिथे मृत्युपत्र करून मगच पाऊल टाकावं. म्हणजे बेरिलला मी गाडीने नेणं आलं, आणि नेलं की तिथे बसणं आलं. विनच्या घरची बिस्किटं तिने नजर चांगली होती तेव्हा घेतलेली आहेत. ती मी दर मंगळवारी दोन आणि दर शुक्रवारी दोन खात होतो.

पण बिस्किटांचं माझं काही म्हणणं नव्हतं. आम्ही दारात गाडी उभी केली की विन कोट चढवून, पायात बूट घालून खुर्चीत बसलेली असायची. कुठेच जायचं नसायचं. तरी कोट घातलेला. ते मला बघवत नव्हतं.

म्हणून मी म्हटलं, एमलिनकडे जावं आणि सरळ विचारावं. हे मी कुंपणापलीकडच्या डेनिसला म्हणालो, ही माझी पहिली चूक.

डेनिसने हातातली कात्री खाली ठेवली. “काय म्हणालास?”

“परवानगी मागतो म्हटलं. फाटकाची.”

“विचारलंस की मेलास,” डेनिस म्हणाला. “अरे, वीस वर्षं लोक एखाद्या वाटेने चालले की ती वाट लोकांची होते. सरकारी नकाशात चढवून घ्यायची, की मग मालकाने फाटक लावलं तरी उपटून काढावं लागतं. फक्त तीन अटी. जबरदस्तीने चाललेलं चालत नाही. चोरून चाललेलं चालत नाही. आणि परवानगी घेऊन चाललेलं तर मुळीच चालत नाही.”

“परवानगी घेतलेली चालत नाही?”

“परवानगी घेतलीस म्हणजे वाट त्याची आहे हे तूच कबूल केलंस ना. कायदा म्हणतो, माणसाने बापाचा रस्ता असल्यासारखं चाललं पाहिजे.”

हे ऐकून मी जरा हबकलो. ‘रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का?’ हे मला आयुष्यात शाळेच्या मास्तरांपासून ट्रकवाल्यांपर्यंत अनेकांनी विचारलं होतं, आणि दर वेळी मी माफी मागून बाजूला झालो होतो. खाली मान घालण्याऐवजी ‘होय’ म्हणायला हवं होतं आणि कायदा माझ्या बाजूने होता, हे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

“पण पाटीवर ‘चौकशी शेतघरी करावी’ असं लिहिलंय,” मी म्हटलं.

“तोच तर सापळा आहे,” डेनिस म्हणाला. “गालिचे विकणारा माणूस तो. तू विचारणार, तो हसून ‘हो’ म्हणणार, आणि त्या एका ‘हो’त तेराशे वर्षांची वाट खलास.”

बेरिल कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, “पण त्याने हो म्हटलं तर मला विनकडे जाता येईल ना?”

डेनिसने तिच्याकडे दयेने पाहिलं. “बेरिल, प्रश्न जाण्याचा नाहीये. प्रश्न हक्काचा आहे.”

मला त्या वेळी ते फार पटलं. आपण काहीतरी मोठं काम हाती घेतोय असं वाटलं. निवृत्त माणसाला असं वाटू लागलं की घरच्यांनी त्याला खोलीत कोंडावं.

इथे माझ्या एका व्यंगाबद्दल सांगायला हवं. मी आभार मानतो. सगळ्यांचे मानतो. बसमधून उतरताना ड्रायव्हरचे मानतो, आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दाराचे मानतो, एकदा माझी अक्कलदाढ उपटल्यावर डॉक्टरचे मानले आणि भुलीत असल्यामुळे दाढेचेही मानले. दर नाताळात माझी बासष्ट कार्डं जातात. बेरिल म्हणते, हा आजार आहे. माझ्या आईने लावलेलं वळण आहे, एवढंच.

तर कामाला लागलो. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीतून अर्ज आला. अडतीस प्रश्न. वाट किती रुंद आहे, वाटेवर आपणास कधी कुणी अडवले का, आपण पायी गेलात की घोड्यावर, घोड्यावर गेला असल्यास घोडा कुणाचा. सोबत नकाशा जोडून त्यावर वाट रंगवायची होती. मी तांबड्या रंगाने रंगवली. अर्ज परत आला. तांबडा रंग दुसऱ्या कशासाठी तरी राखून ठेवलेला होता. मी हिरव्याने रंगवली. पुन्हा परत. हिरवं म्हणजे घोड्याची वाट. मी फोन केला तेव्हा मिस लँगफोर्ड नावाच्या बाई फार गोड आवाजात म्हणाल्या, “जांभळा, मिस्टर गिटिन्स. पण तुटक रेघ हं, सलग नको. सलग म्हणजे ती आधीच आहे असं होतं.”

“ती आधीच आहे,” मी म्हणालो. “तेराशे वर्षं आहे.”

“नकाशात नाहीये ना पण,” त्या म्हणाल्या. मी त्यांचे आभार मानून फोन ठेवला.

अर्ज एकदाचा दाखल झाला तेव्हा कळलं की आमच्या पुढे आणखी शंभरावर अर्ज आहेत आणि निकालाला साधारण नऊ वर्षं लागतात. सुदैवाने, म्हणजे असं म्हणू नये, पण पुढचे बरेच अर्जदार वाटेची वाट बघता बघता वारले होते किंवा कंटाळून वृद्धाश्रमात गेले होते. त्यामुळे आमचा नंबर वर्षाच्या आत लागेल, असं मिस लँगफोर्डनी सांगितलं. मात्र वीस वर्षं त्या वाटेने चाललेले साक्षीदार हवेत, आणि तिन्ही अटींत बसणारे हवेत.

मला वाटलं, साक्षीदारांना काय तोटा. अख्खं गाव त्या बांधावरून चालतं. मी फॉर्म घेऊन घरोघर निघालो.

पहिल्या मिस बेडोज. वय एक्याण्णव, जुन्या पोस्टमास्तरीणबाई. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, “बाळ क्लाइव, मी त्या बांधावरून साठ वर्षं चाललेय.”

“वा,” मी म्हटलं आणि पेन काढलं. “कधी परवानगी नाही ना घेतली?”

“म्हणजे? मी काय मवाली आहे? दरवर्षी जानेवारीत आयव्हरकडे जाऊन विचारून यायची. हातात संत्र्याच्या मार्मलेडची बाटली असायची. रिकाम्या हाताने कसं विचारणार?”

मी पेन खिशात ठेवलं. मिस बेडोजनी निघताना मलाही एक बाटली दिली.

मग पाद्रीबुवा. त्यांनी बांधावरून प्रार्थनेची मिरवणूक न्यायला दरवर्षी लेखी परवानगी घेतलेली होती आणि प्रत्येक पत्राची प्रत जपून ठेवली होती. ती त्यांनी मला अभिमानाने दाखवली. कॉलिन प्रीसने मात्र जन्मात कुणाची परवानगी घेतली नव्हती. मला आनंद झाला. पण तो बांधावर जायचा ते प्रॉबर्टचे ससे पकडायला, तेही गवतात पालथा सरपटत. “मला कुण्णी कध्धी पाहिलेलं नाही,” तो छाती ठोकून म्हणाला. म्हणजे चोरून. तो बाद. मग बेब बंधू. दोघे धिप्पाड. त्यांना परवानगीबिरवानगी ठाऊक नव्हती आणि ते राजरोस जायचे. पण वाटेत तार लागली की खिशातल्या पकडीने तोडायचे. “अडवतो म्हणजे काय?” थोरला बेब मला म्हणाला आणि पुरावा म्हणून पकड दाखवली. म्हणजे जबरदस्ती. तेही बाद.

एक महिना मी हिंडलो. गावातली निम्मी माणसं सभ्य असल्यामुळे बाद झाली आणि बरीचशी सभ्य नसल्यामुळे बाद झाली. कायद्याला मधली माणसं हवी होती आणि ती आमच्या गावात फार नव्हती. खुद्द डेनिसचा फॉर्म मागितला तेव्हा तो म्हणाला, “मी कशाला जाऊ बांधावर? मला गवताने शिंका येतात. मी पेंट्रेला बसने जातो.”

शेवटी हाताशी चार फॉर्म राहिले, आणि त्यांत सोन्यासारखा एकच होता. तो बेरिलचा.

“तू आयव्हरला कधी विचारलंस?” मी भीत भीत तिला विचारलं.

“काय विचारायचं? तो ट्रॅक्टरवरून हात वर करायचा. मी हात वर करायची. चोवीस वर्षं.”

“हात वर करणं म्हणजे परवानगी का?” मी लगेच मिस लँगफोर्डना फोन लावला. त्या म्हणाल्या, नाही, त्याला नमस्कार म्हणतात.

म्हणजे गेल्या चोवीस वर्षांत गावात बापाचा रस्ता असल्यासारखी चालणारी बाई एकच होती, आणि ती माझ्या घरात होती. मला तिचा फार अभिमान वाटला. तसा मी तिला सांगितलाही. ती म्हणाली, “चल, विनकडे जायची वेळ झाली. गाडी काढ.”

या सगळ्या काळात एमलिनला टाळणं हे एक स्वतंत्र काम होऊन बसलं. डेनिसने गावाला ताकीद दिली होती की तो भेटला तर बोलायचं नाही. चुकून तोंडी परवानगी देऊन टाकेल. एमलिन तर माणसं शोधत हिंडायचा. चर्चच्या दारात थांबायचा, आणि लोक मागच्या दाराने निघून जायचे. एकदा मी दुकानात पाव घेत होतो, तो मागून आला. “मिस्टर गिटिन्स, बरं झालं भेटलात. ते फाटक आहे ना, त्याबद्दल मला—”

मी पाव तिथेच ठेवून बाहेर पडलो. पडलो म्हणजे खरंच पडलो, पायरी चुकली. त्याने धावत येऊन मला उठवलं. मी “थँक यू” म्हणालो आणि लगेच कान झाकून घराकडे निघालो. दुकानातल्या बायका बघत होत्या. माझी गावात काही प्रतिष्ठा होती. ती त्या दिवशी पावाबरोबर तिथेच राहिली.

फाटक लागल्यापासून अकराव्या महिन्यात मिस लँगफोर्ड चौकशीसाठी आल्या. बैठक व्हिलेज हॉलमध्ये. गावाने घडीच्या खुर्च्या मांडल्या, चहाचं मोठं भांडं उकळत ठेवलं. डेनिस पहिल्या रांगेत, मांडीवर फाइल. बेरिलने विनलाही आणलं होतं, शेवटच्या रांगेत बसवलं होतं. विनने कोट घातला होता.

मिस लँगफोर्डनी बेरिलला प्रश्न विचारले. किती वर्षं? चोवीस. कधी कुणी अडवलं? नाही. कधी लपून गेलात? कशाला? कधी परवानगी मागितली? नाही. कधी कुणी दिली? नाही. मिस लँगफोर्ड भराभर लिहून घेत होत्या. डेनिस मागे वळून मला म्हणाला, “झालंच म्हणून समज.” मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. विन मान जराशी वाकडी करून ऐकत होती.

“मिस्टर प्रॉबर्ट, तुम्हाला काही सांगायचंय?” मिस लँगफोर्डनी विचारलं.

एमलिन उभा राहिला. त्याच्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. “मला विरोध वगैरे काही करायचा नाहीये,” तो म्हणाला. “हा डबा काकांच्या उशाशी असायचा. त्यात मिस्टर गिटिन्स यांची पत्रं आहेत. ती त्यांना परत द्यावीत म्हणून आणलीत. भेटतच नाहीत ते.”

डबा हातोहात पुढे आला. वाटेत मिस लँगफोर्डनी तो थांबवला. “मी बघू?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. झाकण उघडल्याबरोबर वरच्या नाताळच्या कार्डावरचा लाल छातीचा रॉबिन पक्षी मला लांबूनच ओळखू आला.

त्यांनी मोठ्याने वाचलं, “‘प्रिय मिस्टर प्रॉबर्ट, याही वर्षी आपल्या बांधावरून चालण्याची परवानगी दिल्याबद्दल बेरिल आणि मी आपले अत्यंत आभारी आहोत. क्लाइव गिटिन्स.’” मग पुढचं कार्ड. तेच. मग त्याखालचं. एकूण बावीस होती, आणि प्रत्येकावर तारीख. लेबलाच्या कारखान्यातल्या माणसाच्या हातून तारीख घातल्याशिवाय कागद सुटत नाही. ‘परवानगी’ या शब्दाखाली मी पट्टीने रेघ मारली होती.

हॉलमध्ये चहाचं भांडं तेवढं खदखदत होतं.

“तू आयव्हरला विचारलं होतंस?” बेरिलने मागून विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.

“त्याने कधी परवानगी दिली होती?”

“नाही.”

“मग आभार कसले मानलेस?”

“मला वाटलं,” मी म्हणालो, “मनातल्या मनात दिली असेल.”

मी विनकडे पाहिलं नाही, पाहायची हिंमत झाली नाही. अकरा महिने मी गावभर फिरून बायको-मेहुणीची वाट सोडवत होतो, आणि त्या वाटेची वाट लावली होती मीच, दर डिसेंबरात, रॉबिन पक्ष्यासकट. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

“काकांना ती कार्डं फार आवडायची,” एमलिन सांगत होता. “ते म्हणायचे, मी या माणसाला कधी परवानगी दिल्याचं आठवत नाही, पण एवढे आभार मानतोय म्हणजे दिलीच असणार. शेवटी शेवटी मला म्हणाले, बांधावर मोटारसायकलवाले येतात, माती ढासळते, फाटक लाव. गावातल्या लोकांची काळजी नको. त्यांना विचारायला फार आवडतं. येतील, विचारतील, तू ‘हो’ म्हण आणि किल्ली दे. कुलूप आणून किल्ल्यासुद्धा करून ठेवल्या त्यांनी, बारा. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगल्यात. पाटीवर मी लिहिलं तसं, चौकशी शेतघरी करावी म्हणून. अकरा महिने झाले. कुणी विचारायलाच आलं नाही. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. बोलायला गेलो तर लोक पाव टाकून पळतात.”

मी छताकडे बघत बसलो.

मागे खुर्ची सरकली. बेरिल उभी राहिली होती.

“बेरिल, विचारू नकोस,” डेनिस म्हणाला. “अजून अपील आहे. बेरिल, मी सांगतो, वाट हक्काची—”

“एमलिन,” बेरिल म्हणाली, “विनला आणि मला बांधावरून जाऊ देशील का रे?”

“हो की,” एमलिन म्हणाला आणि खिशातून किल्ली काढून तिच्या हातात दिली. ती त्याच्या खिशातच होती. वर्षभर घेऊन हिंडत होता.

मिस लँगफोर्डनी फाइल मिटली. त्या खुशीत दिसल्या, कारण एक अर्ज कमी झाला होता. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “एक सांगू का, मिस्टर गिटिन्स? ते तुम्ही त्यांच्यापासून पळत होता म्हणे, त्याची काही गरज नव्हती. फाटक लागल्यानंतर दिलेल्या परवानगीने आधीच्या वीस वर्षांना काही होत नाही.” मी डेनिसकडे पाहिलं. तो फाइलीत काहीतरी शोधत होता, आणि बराच वेळ शोधत राहिला.

त्या शुक्रवारी मी परसातल्या कुंपणाशी उभा होतो. बेरिल फाटक उघडून पुढे गेली. पलीकडून विन येत होती. आधी दहा पावलं दबकत आली, हातातली काठी टेकत. मग तिच्या पायांना ती खोलगट वाट सापडली असावी, कारण तिने काठी काखेत मारली आणि सरळ चालू लागली, ताठ मानेने, थेट काटेझाडापर्यंत. मी तिथेच उभा राहून थोडा रडलो. सांगायला लाज वाटत नाही, एवढ्या सगळ्यानंतर लाज शिल्लकच नव्हती.

उरलेल्या अकरा किल्ल्या एमलिन माझ्याकडे घेऊन आला. गावात जबाबदार माणूस म्हणून काका माझंच नाव घ्यायचे, म्हणाला. मी प्रत्येक किल्लीला लेबल केलं, अक्षरांमधलं अंतर नीट राखून, आणि दाराजवळ ओळीने टांगल्या. तेव्हापासून लोक येतात. मिस बेडोज मार्मलेड घेऊन आल्या. पाद्रीबुवांनी लेखी विचारलं. बेब बंधू पकड घरी ठेवून आले. कॉलिन प्रीससुद्धा भर दुपारी पुढच्या दाराने आला. ओशाळला होता बिचारा.

परवा पेंट्रेची बस बंद झाली. काल सकाळी डेनिस दारात उभा. पायात बूट, गळ्यात मफलर, नाकाला रुमाल.

“किल्ली दे,” तो म्हणाला.

“विचार,” मी म्हणालो.

“काय?”

“सगळ्यांनी विचारलं. तूही विचार.”

डेनिस तांबडा झाला. “रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का, क्लाइव?”

आयुष्यात पहिल्यांदा मी बाजूला झालो नाही.

“नाही,” मी म्हणालो. “म्हणूनच विचारायचं.”

त्याने पायपुसण्यावर दोन्ही बूट पुसले. मग त्याने विचारलं, अगदी हळू, पण विचारलं. मी खिळ्यावरून किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली, आणि सवयीने “थँक यू” मीच म्हणालो.